कोणत्या पानावर?

शेअर बाजारात एक रुपयाही न घालता त्यात सगळं घालवून बसलेला माणूस, नातवंडांनो, तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे, आणि तो माझ्या धाकट्या बहिणीचा, कुंदाचा नवरा आहे. आमच्या घरात त्यांना सगळे जावईबापू म्हणतात, तुम्ही कुडव्याचे आजोबा. तुम्हाला ते आठवतील ते दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतले. लहानपणी त्यांनी तुम्हाला फुगे घेऊन दिले होते, पण हातात देण्याआधी फुगा का फुटतो हे इतकं सविस्तर सांगितलं की तुमच्यातल्या धाकटीने तो घ्यायलाच नकार दिला. परवा फोनवर तुमच्यातल्या मोठ्याने विचारलं, की आजी, पहिला पगार झाला, गुंतवणूक करण्याआधी बाजाराच्या इतिहासावर काय वाचू, ते कुडव्याच्या आजोबांना विचारून कळव. कळवते. पण काय वाचावं हे सांगणारा माणूस आधी माहीत असावा असं मला वाटतं, म्हणून हे जरा लांबलचक लिहिते आहे. एका बैठकीत वाचा, मधे सोडू नका.

जावईबापू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांचं घराणं तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्यांचं. त्यांच्या पणजोबांनी गावच्या माणसांना घेऊन बांधलेला तलाव आजही धानाला पाणी देतो. जावईबापूंनी तलाव बांधला नाही. ते आयुष्यभर दुसऱ्यांनी बांधलेल्या तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, तपासत हिंडले. कुठे भेग पडली, कुठे खेकड्याने बीळ केलं, सांडव्याचे दगड कुठे निखळले, एवढंच बघायचं. भरलेला तलाव पाहून बाकीच्यांना पाणी दिसे, यांना पाळ फुटताना दिसे. पुढे मुंबईत शेअरचा मोठा घोटाळा झाला, त्यात त्यांच्या साहेबांची जन्माची पुंजी बुडाली, आणि एवढा कडक माणूस कचेरीत सगळ्यांसमोर टेबलावर डोकं ठेवून रडला. ते जावईबापूंनी पाहिलं. त्याच रविवारी ते नागपूरला गेले आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बाजाराच्या इतिहासाचं पहिलं पुस्तक घेऊन आले. माणसं असं काही पाहून देवाला लागतात किंवा दारूला. हे वाचनाला लागले, आणि त्यातून बाहेर काढणारं केंद्र अजून कुठे निघालेलं नाही.

कुडव्याच्या घरात पुढच्या खोलीत काचेचं कपाट आहे. दुसऱ्यांच्या घरी त्यात भेट आलेले ताजमहाल असतात, यांच्याकडे जगातल्या सगळ्या आर्थिक संकटांची ओळीने मांडणी. प्रत्येक पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचं कव्हर, आणि कण्यावर नाव न लिहिता फक्त बुडण्याचं साल. त्यामुळे त्या घरात पुस्तकांना नावं नाहीत. "अवो, ते एकोणतीस साल उचला जी, डबा ठेवाचा आहे," असं कुंदा म्हणते, तेव्हा अमेरिकेतली ती प्रचंड पडझड टेबलावरून उठून खुर्चीवर जाते आणि तिच्या जागी कांदेपोह्यांचा डबा येतो. कर्जाने बुडालेल्यांचा वेगळा कप्पा, फसवणुकीने बुडालेल्यांचा वेगळा. आपल्या अकलेने बुडालेल्यांचा कप्पा सर्वांत खाली, कारण तो सगळ्यांत जड.

आणि त्यांचा एक प्रश्न. तुम्ही काहीही म्हणा, ते चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "कोणत्या पानावर?" सोनं वाढणार आहे म्हटलं, कोणत्या पानावर? यंदा तांदळाला भाव येईल म्हटलं, कोणत्या पानावर? एकदा कुंदा आतून ओरडली, "गॅस संपला वो," आणि यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कोणत्या पानावर?" त्या दिवशी जेवणाला फोडणी नव्हती. पान सांगता आलं तर ते उठून पुस्तक काढत, पान उघडत आणि तुमचं चुकलं कुठे ते दाखवत. चुकलेलं असायचंच. मी इंग्रजी शिकवण्यात जन्म काढला, पण त्यांच्यासमोर एखादं वाक्य बोलण्याआधी मीही मनात पान शोधायला लागले होते.

निवृत्तीनंतर गावात नाव झालं, की काकांना शेअरचं कळतं. मग लोक येऊ लागले. जावईबापू कोणालाही शेअर सांगत नसत, पुस्तक देत. कोपऱ्यावरचा किराणावाला आला, "काका, कोई अच्छा शेअर बताओ ना."

"बतातो. पहिले हे वाच."

"पूरा?"

"पूरा. मंग परीक्षा घेईन."

महिन्याभराने ते पुस्तक परत आलं, तेलाचे डाग आणि जिऱ्याचा वास घेऊन. ते गल्ल्यावर बिलं उडू नयेत म्हणून ठेवलेलं मी स्वतः पाहिलं होतं. तरी परीक्षा झाली. जावईबापूंनी विचारलं, हॉलंडात फुलांच्या कंदांचा एवढा मोठा सौदा चालला होता, घरं विकून लोक कंद घेत होते, मग तो बाजार काऊन बुडाला? किराणावाला गूळ तोलता तोलता म्हणाला, "काका, फूल है, सूखेगाच ना." जावईबापू तसेच मागे फिरले. घरी येऊन म्हणाले, "नापास. उत्तर बरोबर आहे, पण न वाचता दिलं."

त्यांच्या मते प्रत्येक तेजीची चार प्रकरणं असतात. पहिल्यात वस्तू स्वस्त असते आणि कोणी ढुंकून पाहत नाही. दुसऱ्यात हुशार लोक घेतात. तिसऱ्यात शेजारी घेतो. चौथ्यात सगळे रडतात. हे इतकं पाठ होतं की दूध उतू गेलं तरी ते म्हणत, चौथं प्रकरण. एका लग्नात नवऱ्या मुलाचा बाप शेअरवर कमावलेल्या पैशाने मांडवाला झुंबरं लावून फिरत होता. मंगलाष्टकं चालू असताना जावईबापूंनी अक्षता एका हातात धरून त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, "तिसरं प्रकरण संपत आलं, सांभाळा." त्या माणसाला ते मुलीकडच्यांबद्दल वाटलं आणि जेवणाच्या पंगतीत नसता गोंधळ झाला.

आता तुम्हाला हवं आहे ते. त्यांचा क्रम असा, आणि तो मी परवा पुन्हा विचारून घेतला. आधी जुनं वाचायचं, अगदी जुनं. हॉलंडची फुलं, मग इंग्लंडातली ती समुद्रपारच्या व्यापाराची कंपनी, जिच्या नादाने भले भले शहाणे बुडाले. मग आपल्या मुंबईतलं, अमेरिकेतलं युद्ध चालू असताना कापसाच्या पैशावर समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या आणि युद्ध संपल्याबरोबर कागद झाल्या, ते. मग एकोणतीस साल. त्यानंतर बुडालेल्या एखाद्या सटोडियाचं चरित्र, कमावलेल्याचं नको, कारण तो खोटं बोलतो. ताळेबंद कसा वाचावा हे शेवटी. त्यांचं म्हणणं, भाव काय आहे ते वाचू नका, भाव कोण सांगतो आहे ते वाचा. यातलं एक अक्षरही चूक नाही, हे मी तुम्हाला लिहून देते. मला राग येतो तो त्याचाच. त्यांचं काही चुकीचं असतं तर कुंदाने त्यांना केव्हाच सोडून दिलं असतं, म्हणजे ऐकणं सोडून दिलं असतं. गावातले सगळे त्यांना मानाने विचारत आणि कोणी त्यांचं ऐकत नसे. ऐकलं ते एकट्या कुंदाने.

कामठ्याची आमच्या वडिलांची धानाची बांधी, म्हणजे शेत, विकलं तेव्हा कुंदाला आणि मला सारखा वाटा आला. माझा वाटा मी बँकेतल्या एका मुलीने सांगितलेल्या म्युच्युअल फंडात टाकला आणि कागद कपाटात लावून ठेवले. एक पानही वाचलं नाही. कुंदाच्या वाट्याचं ठरलेलं होतं. कुंदाची मुलगी, तुमची चित्राआत्या, तेव्हा अकरावीत होती आणि तिला वैमानिक व्हायचं होतं. बिरसीला विमान शिकवण्याची शाळा आहे, तिची छोटी विमानं कुडव्यावरून घिरट्या घालत असतात, आणि ही पोरगी ताटावरून उठून अंगणात पळायची. आवाजावरून सांगायची की यात शिकणारा एकटाच आहे की शेजारी मास्तर बसले आहेत. खरं होतं की नाही देव जाणे, पण सांगायची. तिथल्या फीच्या निम्म्याला कुंदाचा वाटा पुरत होता. जावईबापूंचा फंड घर बांधण्यात गेलेला. कर्ज काढू म्हटलं, तर कर्जाचा एक अख्खा कप्पा होता. तेव्हा असं ठरलं की चित्राची बी. एस्सी. होईपर्यंत कुंदाचा पैसा बाजारात घालायचा, वाढू द्यायचा, मग पोरीला बिरसीला पाठवायचं. जावईबापू हो म्हणाले. फक्त म्हणाले, "पैसा कुंदाचा आहे. तेव्हा आधी कुंदा वाचेल, मंग घालू."

तेव्हा आम्हा सगळ्यांना याचं फार कौतुक वाटलं होतं. बायकोला न विचारता तिच्या नावावर काय काय करून ठेवणारे नवरे आम्ही पाहिले होते. हा नवरा तिला शिकवत होता.

कुंदा मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी तिला बेताचं. तिने ती पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचली. भात शिजत असताना, धान वाळत असताना, अडलं की मला फोन. "बाई, 'मार्जिन' म्हणजे समासच ना व? मंग त्याच्यात लोक कसे बुडून राहिले?" दर रविवारी जेवणानंतर तोंडी परीक्षा. जावईबापू त्यासाठी घरातला बनियन काढून बाह्यांचा शर्ट घालत. कुंदा समोर सुपात तांदूळ निवडत बसे.

"समुद्राच्या कंपनीत शहाणे लोक काऊन बुडाले?"

"शेजाऱ्यानं माडी बांधली म्हणून."

"कोणत्या पानावर?"

"पानावर नाही. कुडव्यात आहे."

"अर्धे मार्क. समोर चल," म्हणून ते पुढच्या प्रश्नाला जात. मी हसत असे. चित्राही हसत असे, तेव्हा. पण एक पुस्तक संपलं की जावईबापू दुसरं काढत, कारण प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आणखी चार पुस्तकांची नावं असतात, आणि ती न वाचता पुढे जाणारा माणूस त्यांच्या दृष्टीने चौथ्या प्रकरणाचा धनी. कुंदाचा पैसा तोवर मुदतठेवीत होता. बाजार चढत होता. चढत्या बाजारात शिरायचं नाही हे तर पहिल्याच पुस्तकात होतं. चित्राची बी. एस्सी. झाली. ती घरी बसून चुलतभावांच्या शिकवण्या घेऊ लागली आणि अंगणात जाऊन वर बघू लागली.

मग कोरोना आला आणि बाजार कोसळला. ज्याची ते आयुष्यभर वाट पाहत होते ते चौथं प्रकरण टीव्हीवर चालू होतं. सगळे घरात कोंडलेले. कुंदाने परीक्षेच्या खुर्चीसमोर पासबुक नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "आता."

मला हे चित्राने फोनवर सांगितलं, तिच्या आवाजात किती उमेद होती ते मला अजून ऐकू येतं. म्हणे बाबा खूप वेळ पासबुकाकडे पाहत राहिले. हातात घेतलं, उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "हा पहिला धक्का आहे. एकोणतीस सालीबी पहिल्या धक्क्यात घेणारे नंतर बुडाले. महामारीत बाजाराचं काय होते, त्याच्यावर एक पुस्तक आहे. मागवलं आहे मी. ते वाचू, मंग घालू."

पुस्तक मागवलेलं होतं, पण टाळेबंदीत पार्सलं बंद होती. जावईबापू रोज दारात उभे राहून रस्त्याकडे पाहत. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. पार्सल उशिरा, फार उशिरा आलं, तोवर बाजार पडून, उठून, आपल्या जागी येऊन बसला होता आणि पुढे निघायच्या तयारीत होता. त्यांनी पुस्तक बाहेर अंगणात उन्हात ठेवलं, मग आत आणून कॅलेंडरचं कव्हर घातलं, कण्यावर साल लिहिलं आणि म्हणाले, "आता महाग झाला."

कुंदा काही ओरडली नाही. आमच्याकडची बाई तिथे भांडं आपटते. ही नुसती म्हणाली, "तुमी बजाराचा इतिहास वाचून राहिले, मी तुमचा वाचून राहिली. दोघांयचंबी पुस्तक सारखंच निघालं. शेवटी काहीच घेत नाही कोणी."

पुढे एकदा मी तिला विचारलं, की पैसा तुझा, सही तुझी, तू का नाही घातलास? इतकं वाचलं होतंस. ती म्हणाली, "माह्यावाला एक पेपर बाकी होता ना, बाई." मी शिक्षिका होते, वर्षानुवर्षं मुलींना पास-नापास केलं. ते वाक्य ऐकल्यापासून मला त्या शब्दांचा कंटाळा आला आहे.

जावईबापूंच्या पणजोबांनी पाऊस कधी पडेल, किती पडेल, हे विचारून तलाव बांधला नव्हता. आधी पाळ घातली आणि मग वर पाहिलं. पणतूने सगळे पावसाळे वाचून काढले आणि एक टोपली माती टाकली नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलं आहे. ते म्हणाले, "कोणत्या पानावर?" पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

बिरसीची फी तोवर कुंदाच्या मुदतठेवीच्या कितीतरी पुढे निघून गेली होती. चित्राआत्या आता त्याच विमानतळावर काम करते. स्कूटीवरून कुडव्याहून जाते, प्रवाशांच्या बॅगा तोलते, त्यांना पट्टी लावते. मोठ्या, गेल्या खेपेला तुझ्या बॅगेचं वजन जास्त झालं तेव्हा ती हसली आणि माझ्या हातचे अनारसे काढून न ठेवता तिने तुला सोडलं, आठवतं ना. तुझ्या तिकडच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा खर्च माझ्या त्या न वाचलेल्या फंडातून निघाला, विमानाचं तिकीटसुद्धा. माझ्या वाट्याने माझा नातू विमानात बसून लांब गेला. कुंदाच्या वाट्याने तिची मुलगी जमिनीवर राहिली, रोज संध्याकाळी घरी येते. यात कोण फायद्यात आहे ते मला एखादं पुस्तक सांगेल असं वाटत नाही. पण चित्रा जेवत असताना वरून विमान गेलं तर ती आता मान वर करत नाही, भाजी वाढून घेते. मला ते बघवत नाही.

गेल्या वर्षी जावईबापूंची नजर गेली. पूर्ण नाही, माणूस उभा आहे एवढं दिसतं, अक्षर दिसत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी वाचन कायमचं बंद म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस टिकत नाही. माझ्या मनात वाईटही आलं, की बरं झालं. ते मी लपवत नाही.

परवा दुपारी तुमच्यासाठी विचारायला म्हणून गेले, तर पुढच्या खोलीत जावईबापू दिवाणावर पडलेले, आणि कुंदा खुर्चीवर बसून त्यांना वाचून दाखवत होती. इंग्रजी पुस्तक हातात, आणि तोंडाने आपल्या बोलीत. मी दारातच बसले. एकोणतीस साल चाललं होतं. "तं लोक ब्यांकेसमोर उभे होते बाप्पा, लाइनच लाइन. सगळे इकून राहिले होते. कोणी घ्याले तयार नाही." जावईबापू डोळे मिटून, ओठ हलवत तिच्यासोबत येत होते. ही पुस्तकं त्यांना पाठ आहेत, शब्द इकडचा तिकडे झाला तर ते झोपेतही टोकतील.

कुंदाने पान उलटलं आणि त्याच आवाजात, न थांबता म्हणाली, "आन त्या गावात एक बाई होती. तिच्यापाशी बापाच्या वावराचे पैसे होते. सगळे इकून राहिले तं तिनं घेतलं. कोणाले इचारलं नाही. ठेवून देल्लं. मंग चांगले दिवस आले, तं तिनं पोरीले इमान शिकाले धाडलं."

जावईबापूंचे ओठ हलायचे थांबले. त्यांनी डोळे उघडले, पण आता ते डोळे कुठे पाहतात ते कळत नाही. मी त्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून कुंदाही पाहत राहिली. बाहेर बिरसीचं एक विमान घराच्या वरून घिरटी घालून गेलं, त्याचा आवाज काचेच्या कपाटात थोडा वेळ घुमला.

मग जावईबापूंनी हात पुढे करून चाचपत पुस्तकाची कड शोधली, तिच्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाले, "समोर वाच."